सांधा

प्रांतात लोहमार्ग किती आहेत, यापेक्षा ते एकमेकांस कोठे मिळतात, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. खानदेशचेच पाहावे. जळगावास मुंबईचा व सुरतेचा असे दोन लोहमार्ग मिळतात. धुळ्यास १९०० साली चाळीसगावाहून आगगाडी आली, ती तेथेच थांबली. सुरतेचा मार्ग उत्तरेस नरडाण्यावरून जातो. परंतु धुळ्याशी त्याचा सांधा जुळला नाही. म्हणून पश्चिमेस सुरतेकडे निघालेल्या धुळेकराने आगगाडीच धरावी म्हटले, तर त्यास चाळीसगावावरून आधी पूर्वेस जळगाव गाठावे लागे!

२०२१ च्या 'गतिशक्ती' योजनेने निरनिराळ्या खात्यांची आखणी एका नकाशावर आणली; २०२४ साली धुळे-नरडाण्यावरून जाणाऱ्या ३०९ किलोमीटरांच्या मनमाड-इंदूर मार्गास मंजुरीही मिळाली. धोरण स्तुत्य खरे. तथापि उतारूच्या लेखी धोरण म्हणजे वेळेवर मिळणारी पुढची गाडी होय.