द्रावेच्या दोन काठांवरून

बुडापेस्टहून झाग्रेबला रेल्वेने निघाले की सरहद्दीवर द्रावा नदी लागते. ११ सप्टेंबर १८४८ रोजी क्रोएशियाचा बान, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारा राज्यपाल, योसिप येलाचिच याच नदीपलीकडून हंगेरीवर चालून आला. त्या स्वारीने हंगेरियनांच्या मनातला क्रोएट पक्का झाला: व्हिएन्नातल्या हाब्सबर्ग दरबाराचा हुकूम झेलणारा, स्वातंत्र्याचा घात करणारा. क्रोएटांच्या मनातला हंगेरियन त्याआधीच तयार होता: उद्दाम, स्वतःची भाषा दुसऱ्यावर लादणारा. ही चित्रे शतकानुशतकांच्या शेजारातून आली, असे मानण्याचा मोह होतो. वाट वाकडी करून सिगेटवारला गेले की ते पटेनासे होते. १५६६ मध्ये ऑटोमन सुलतान सुलेमानच्या वेढ्यात इथला किल्ला लढवताना क्रोएट उमराव निकोला झ्रिन्स्की पडला. त्याच्या पणतूने, मिक्लोशने, त्यावर हंगेरियनमध्ये महाकाव्य लिहिले आणि पणतूच्याच धाकट्या भावाने, पेटारने, ते क्रोएशियनमध्ये आणले. एकाच घरात दोन्ही भाषा सुखाने नांदत होत्या. आज हा वीर दोन्ही देशांचा आहे, आणि मला तो कुणा एकाच्या वाट्याला द्यावासा वाटत नाही.

यावर आक्षेप येईल की ११०२ पासून दोन्ही देश एका मुकुटाखाली असतानाही मानाचा वाद होताच. क्रोएशिया हे जोडलेले राज्य की जिंकलेले, यावर वकिली चालत असे. खरे आहे. पण तो उमरावांचा वाद होता आणि तो लॅटिनमध्ये चाले. हाब्सबर्ग सम्राट दुसऱ्या जोसेफच्या केंद्रीकरणाने धास्तावलेल्या क्रोएट उमरावांनी १७९० मध्ये आपणहून हंगेरियन सरकारचा आसरा घेतला. जन्मजात वैर असते तर हे घडले नसते. लॅटिन हटली तेव्हा बिनसले. १८४४ मध्ये हंगेरियन राजभाषा झाली, १८४७ मध्ये क्रोएशियाच्या साबोरने, म्हणजे विधानसभेने, क्रोएशियनला तो मान दिला. आता प्रश्न कचेरीत, शाळेत, न्यायालयात कुणाच्या मुलाला नोकरी मिळणार, हा होता, आणि तो घराघरात पोचला.

मग येलाचिच खरोखरच व्हिएन्नासाठी लढला, त्याचे काय? लढला. पण व्हिएन्नाविरुद्ध बंड केलेल्या हंगेरीवर जी एकतंत्री राजवट आली, तीच निष्ठावंत क्रोएशियालाही भोगावी लागली. तरी चित्रे पुसली नाहीत, कारण त्यांना नवे खाद्य मिळत गेले: १८८३ मध्ये झाग्रेबच्या सरकारी इमारतींवर हंगेरियन मजकुराच्या पाट्या लागल्या आणि दंगे उसळले, १९०७ मध्ये रेल्वेत हंगेरियनची सक्ती आली. आणि तरी, गाडी जिथे थांबते ते झाग्रेबचे मुख्य स्थानक, १८९२ चे, फेरेन्त्स फाफ या हंगेरियन वास्तुविशारदाचे काम आहे. तेथून थोडे चालले की येलाचिचचा अश्वारूढ पुतळा येतो. १८६६ मध्ये उभा राहिला तेव्हा त्याची तलवार उत्तरेला, हंगेरीवर रोखलेली होती. युगोस्लाव्ह कम्युनिस्टांनी १९४७ मध्ये हलवलेला हा पुतळा १९९० मध्ये परत आला तो दक्षिणेकडे तोंड करून. त्याच वर्षी क्रोएशियाला चोरून बंदुका विकल्या गेल्या त्या हंगेरीतून.