झुरळं दिसली की उतरायचं

आमच्या घरात चेंबरविषयी कुणी बोलत नाही. कॉलेजातही मी ‘वडील महापालिकेत होते’ एवढंच सांगायचे. त्यामुळे माझा बायोटेकचा प्रोजेक्ट अण्णांच्याच कामावर आहे, हे त्यांना सांगायला मला दोन महिने लागले.

हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यांचा वास. हवेच्या दहा लाख भागांत एक भागही नसला तरी नाकाला कळतो. साधारण 100 भागांच्या पुढे मात्र नाकच बधिर होतं. म्हणजे वास थांबला, गॅस गेला असं वाटतं, आणि माणूस आणखी खाली उतरतो.

ऱ्होडोबॅक्टर नावाच्या जिवाणूत एक प्रथिन असतं. एरवी ते डीएनएवर कुलपासारखं बसून राहतं. सल्फाइड आलं की निसटतं आणि पुढची जनुकं चालू होतात. ते कुलूप मी ई. कोलायमध्ये बसवलं, पुढे जेलीफिशचं चमकणारं प्रथिन जोडलं. आठ महिन्यांनी ट्यूब हिरवी झाली. रडलेच मी. फोटो अण्णांना दाखवला.

“किती वेळ लागतो याला?”

“दोन तास.”

ते हसले असते तर बरं झालं असतं.

मग स्वतःहून बोलायला लागले. “झाकण काढलं की आम्ही झुरळं बघायचो. पळताना दिसली की उतरायचं. मेलेली असली की थांबायचं, पुढची-मागची झाकणं उघडायची.” एका दिवशी मुकादमाला घाई होती. त्या दिवशी खाली गेलेल्या जोडीदाराचं नाव अण्णा घेत नाहीत. त्याच्या बायकोचा फोन आला की उठून बाहेर जातात.

सेकंदांत बोंबलणारा, खिशात मावणारा गॅस मीटर बाजारात कधीचा मिळतो. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. अण्णांच्या खात्यातला मीटर कपाटात असायचा आणि किल्ली साहेबांकडे.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. माझं हिरवं प्रथिन चमकायला ऑक्सिजन लागतो. चेंबरच्या तळाशी नेमका तोच कमी असतो.

व्हायव्हात विचारलं, “याचा उपयोग काय?” म्हटलं, सांडपाण्याचे नमुने लॅबमध्ये आणून सल्फाइड कुठे साठतंय ते सावकाश शोधता येईल. माणूस उतरण्याआधी याचा काही उपयोग नाही.

“मग उतरण्याआधी काय बघायचं?”

“मीटर. नसेल तर झुरळं.”

परीक्षक हसले. “हे कुठे वाचलंस?”

“वाचलं नाही, सर. माझे वडील उतरायचे.”