‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ : एक चिंतन

प्रेमकथा असलेले बोलपट मुलांनी पाहावेत की पाहू नयेत, हा प्रश्न पालकांच्या मनात नेहमी उभा राहतो. नांदेड-लातूरकडील आमच्या परिचयाच्या घरांतही तो वेळोवेळी निघतो आणि बहुधा ‘आधी अभ्यास करा’ या एका आज्ञेने त्याचा निकाल लागतो. आमचे मत किंचित निराळे आहे. प्रेम माणसास कोठे नेऊन पोचविते, यावरून प्रेमकथेची योग्यता ठरवावी, असे आम्हांस वाटते. या मताच्या पुष्ट्यर्थ एका जुन्या कृष्णधवल बोलपटाची साक्ष आम्ही काढीत आहो. व्ही. शांताराम यांचा, सन १९४६ मध्ये प्रदर्शित झालेला ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा तो बोलपट होय.

या कथेचा नायक आपल्या शेजारचाच आहे. पूर्वी लातूरकर मंडळी बार्शी लाइट रेल्वेच्या चिमुकल्या गाडीने कुर्डूवाडीस जात आणि तेथे मोठी गाडी धरून सोलापूर गाठीत. त्या सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. मुंबईस वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते डॉक्टर झाले. सन १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठी स्वारी केली, तेव्हा चीनकडून हिंदुस्थानाकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी आली. सुभाषचंद्र बोस त्या वेळी राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष होते. सभेने पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध केले आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबई बंदरातून निघाले. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस ही त्या पाचांची नावे. यांपैकी चौघे यथाकाल मायदेशी परतले; कोटणीस मात्र परतले नाहीत.

उत्तर चीनच्या डोंगराळ रणभूमीवर जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत त्यांनी पुढील वर्षे काढली. तेथे त्यांच्या आधी डॉ. नॉर्मन बेथून या कॅनडातील शल्यवैद्याने काम केले होते. बेथून हे एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे पुत्र. शस्त्रक्रिया करिताना बोटास झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन सन १९३९ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुखपद सन १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. याच परिसरात कुओ चिंगलान या परिचर्या शिकविणाऱ्या तरुणीशी त्यांचा परिचय झाला होता. हा परदेशी डॉक्टर आपली चिनी भाषा बोलतो, याचे तिला मोठे नवल वाटले. सन १९४१ च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला. पुढील ऑगस्टात पुत्र झाला, त्याचे नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. परंतु ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीसांची प्राणज्योत मालवली. तेव्हा ते बालक चार महिन्यांचेही नव्हते.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी या जीवनावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून शांतारामांनी बोलपट निर्मिला. नायकाची भूमिका त्यांनी स्वतः केली. चिंगलानची भूमिका जयश्रीबाईंनी केली. ही दोघे प्रत्यक्षातही त्या काळी पतिपत्नी होती. संगीत वसंत देसाई यांचे. बोलपटातील नायक-नायिका एकमेकांस ओळखतात ती रुग्णांच्या खाटांमधून वावरताना. त्यांचा संसार औषधांच्या पेट्या व बंदुकांचे आवाज यांच्या सान्निध्यात मांडला जातो, आणि दोघांनी एकच काम अंगावर घेतले असल्यामुळे तो शोभतो.

येथे दुसऱ्या एका जगप्रसिद्ध बोलपटाची आठवण होते. अमेरिकेत तयार झालेला ‘कॅसाब्लँका’ हाही युद्धकाळातील, कृष्णधवल, प्रेमकथेचा बोलपट. तो न्यूयॉर्क येथे २६ नोव्हेंबर १९४२ रोजी प्रथम दाखविण्यात आला. त्यानंतर तेराच दिवसांनी कोटणीसांचे निधन झाले. त्यातील नायक आपल्या प्रेयसीस तिच्या लढवय्या पतीबरोबर विमानाने पाठवितो आणि स्वतः मागे राहतो. तेथे प्रेमाची थोरवी त्यागाने सिद्ध होते. आपल्या बोलपटात ती सहकार्याने सिद्ध होते. दोन्ही ठिकाणी प्रेमाहून मोठे असे काहीतरी प्रेमिकांच्या दृष्टीसमोर आहे, म्हणूनच ते प्रेम क्षुद्र होत नाही.

तथापि बोलपट आणि सत्य यांत दोन ठिकाणी अंतर आहे. बोलपटातील डॉक्टर प्लेगच्या साथीशी झुंजतो आणि त्याच रोगास बळी पडतो. प्रत्यक्षात कोटणीसांचा अंत अपस्माराच्या झटक्यांनी झाला. व्याधी जडली असताही त्यांनी काम सोडले नव्हते. पडद्यावरील मृत्यू अधिक नाट्यमय आहे, यात शंका नाही. परंतु दुखण्याचा गाजावाजा न करता रोज सकाळी कामावर उभे राहणे आम्हांस अधिक कठीण वाटते. दुसरे अंतर शेवटचे. मरणासन्न डॉक्टर आपली पत्नी बाळास घेऊन सोलापूरच्या घरी कशी पोचेल याचे चित्र रंगवितो आणि ते चित्र आपणांस दिसते. प्रत्यक्षात चिंगलान चीनमध्येच राहिल्या. पुढे त्या भारतात आल्या, सासरच्या मंडळींस भेटल्या आणि सन २०१२ मध्ये निवर्तल्या. यिनहुआ मात्र सन १९६७ मध्ये ऐन तारुण्यातच गेला. बोलपटाचा हा शेवट खोटा आहे असे म्हणण्यास आमचे मन धजत नाही. ज्या घरातून मुलगा गेला त्या घराची इच्छा काय असेल, हे शांतारामांनी ओळखले होते.

घराचा विषय निघाला म्हणून सांगतो. द्वारकानाथ चीनमध्ये असतानाच त्यांचे वडील वारल्याची वार्ता त्यांना कळली. परत जाण्यास याहून सबळ कारण कोणते? तरी ते हाती घेतलेल्या कामावरच राहिले. ही गोष्ट आम्हांस प्रत्येक वेळी अस्वस्थ करिते. मुलाने आले पाहिजे होते, असे पालकांपैकी पुष्कळ जण म्हणतील, आणि त्यांस दोष देता येणार नाही. परंतु ज्या पित्याने मुलास जाण्यास प्रोत्साहन दिले, त्यानेही या सेवेतील आपला वाटा दिलाच होता, हे विसरता कामा नये.

आपल्या लातूर-नांदेडकडे डॉक्टर होण्याची आकांक्षा नसलेले घर विरळा. ‘लातूर पॅटर्न’चे नाव सर्वत्र गाजले आहे, मुले पहाटेपासून पुस्तकांत डोके घालून बसतात आणि आईबाप पोटास चिमटा घेऊन शुल्क भरतात. डॉक्टर कसे व्हावे हे त्यांस उत्तम ठाऊक आहे. डॉक्टर कशासाठी व्हावे, हे विचारण्यास सवड राहत नाही. याच जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे ढिगाऱ्यांखाली गेली. त्या वेळी दूरदूरचे डॉक्टर व परिचारिका आपली घरे सोडून येथे धावून आल्या. जखमींपैकी कित्येकांवर कोटणीसांच्या सोलापुरात उपचार झाले. परक्याने येऊन जखम बांधणे म्हणजे काय, हे आपल्या भागातील वडीलधाऱ्यांनी स्वतः अनुभविले आहे. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्या शाळेत दरवर्षी वाचला जातो; त्याचा अर्थ त्यांस कोणी निराळा सांगावा लागत नाही.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, हा बोलपट सुट्टीत अवश्य पाहा, आणि शक्य तर आईवडिलांसमवेत पाहा. चित्रण जुने आहे, अभिनयाची रीत जुनी आहे, चीनचा देखावाही तुम्हांस कदाचित कृत्रिम वाटेल. तिकडे दुर्लक्ष करा. आणि पालकहो, बोलपट संपल्यावर मुलाने अथवा मुलीने ‘मीही असे कोठे दूर जाऊ का?’ असे विचारिले, तर लगेच विषय बदलू नका. उत्तर काय द्यावे हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु त्या प्रश्नावर घरात एक रात्र तरी बोलणे व्हावे, एवढीच आमची विनंती आहे.