खडकावरचं गाव

फ्लिन फ्लॉनमध्ये जमीन फारशी नाहीच. आहे तो खडक. त्यामुळे सांडपाण्याचे नळ लाकडी पेट्यांत घालून रस्त्याच्या कडेनं वरूनच नेलेत, आणि लोक त्या पेट्यांवरून फुटपाथसारखे चालतात. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताची ही पश्चिमेची कड. गावाचा एक तुकडा तर शेजारच्या सस्कॅचेवानमध्ये. जानेवारीतल्या एका संध्याकाळी उणे पस्तीसच्या थंडीत मी भाचीच्या मागून पाय जपत चाललो होतो. ती इथे नर्स आहे. "मामा, मफलर नाकावर घ्या," ती म्हणाली, "आणि आत गेल्यावर कुणाला जुन्या बॉम्बर्सबद्दल विचारू नका. रात्र सरेल."

मी विचारलंच.

व्हिटनी फोरममध्ये, म्हणजे इथल्या आइस हॉकीच्या रिंकवर, शेजारी बसलेला म्हातारा आयुष्यभर खाणीत उतरलेला. समोर सतरा-अठरा वर्षांची पोरं धावत होती. स्केट्सच्या पात्यांचा आवाज मी आधी फक्त टीव्हीवर ऐकला होता. जवळून तो विळीवर कोबी चिरताना येतो तसा येतो, करकरीत आणि ओला.

या गावाला नाव मिळालं एका स्वस्त कादंबरीतल्या नायकाचं, फ्लिंटाबॅटी फ्लोनाटिनचं. पाणबुडीतून तळ नसलेल्या सरोवरात उतरून तो सोन्यानं मढलेल्या पाताळात पोचतो. इथे मात्र तांबं आणि जस्त निघालं. 1927 मध्ये खाण कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षी बॉम्बर्स हा आइस हॉकीचा संघही, जणू जुळी भावंडं. कंपनी खेळाडूंना खाणीत काम देई. आपल्याकडे गिरण्या कबड्डीपटूंना नोकरीवर घेत, त्यातलाच प्रकार; पण इथे पोरगा विशीच्याही आतला असे आणि कामावरून सुटला की थेट रिंकवर.

1957 मध्ये या पोरांनी मेमोरियल कप जिंकला. कॅनडाच्या ज्युनिअर हॉकीत याहून मोठं काही नाही. समोर ओटावाचा संघ, म्हणजे राजधानी. सात सामन्यांची झुंज, आणि शेवटचा रेजायनात 3-2 असा जिंकलेला. म्हातारा तेव्हा शाळकरी पोर होता, रेडिओला कान लावून बसलेला. तो 3-2 अजून असा सांगतो की ऐकणाऱ्याचाही श्वास अडकावा. ज्या फोरममध्ये आम्ही बसलो होतो ते त्याच्या पुढच्या वर्षी उभं राहिलं.

मग बॉबी क्लार्क. इथलाच, 1949 चा जन्म, खाणकामगाराचा मुलगा, चष्मेवाला आणि मधुमेही. त्याच्या जोडीला रिव्हर्टनहून आलेला ओजिब्वे मुलगा, रेजी लीच. 1967-68 च्या एका हंगामात लीचनं 87 गोल केले. क्लार्क पास देई, लीच मारी. इन्सुलिन टोचून घेणारा पोरगा मोठ्यांच्या खेळात टिकेल का, अशी शंका असल्यानं प्रशिक्षक पॅडी गिनेल त्याला मेयो क्लिनिकला घेऊन गेला आणि डॉक्टरांचा होकार आणला. तरी 1969 मध्ये एनएचएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत सोळा नावं पुकारली गेली तेव्हा कुठे फिलाडेल्फियाच्या संघाला त्याची आठवण झाली. 1974 आणि 1975, लागोपाठ दोन वर्षं, त्याच क्लार्कनं कर्णधार म्हणून त्या लीगचा स्टॅन्ली कप उंचावला. म्हाताऱ्यानं हे सांगताना कपापेक्षा त्या सोळा नावांवर जास्त वेळ घालवला. मला ते पटलं.

गंमत अशी की संघ बुडाला तो हरून नव्हे, अंतरानं. 1971 पासून पार प्रशांत महासागराकाठची व्हिक्टोरियासुद्धा त्यांच्या लीगमध्ये आली. मैलोन् मैल बस, डिझेल, हॉटेलं. आणि तिकिटं घेणारं गाव तेवढंच. 1978 मध्ये संघ एडमंटनला गेला, वर्षभरात माँटानातल्या ग्रेट फॉल्सला, मग स्पोकेनला, आणि 1981 मध्ये संपला. बदलीच्या नोकरीत खंगलेल्या माणसासारखा.

नाव मात्र गावानं जाऊ दिलं नाही. 1984 पासून सस्कॅचेवानच्या ज्युनिअर लीगमध्ये, एक पायरी खाली, बॉम्बर्स खेळताहेत. "तोच संघ," म्हातारा म्हणाला. कागदोपत्री तो तोच नाही, हे त्यालाही ठाऊक असावं. मी काही बोललो नाही. इथे प्रेक्षक कधीकधी मूस या भल्यामोठ्या हरणाचा आख्खा पाय बर्फावर फेकतात. असल्या लोकांशी कागदपत्रांवरून कशाला वाद घालायचा?

जुळ्यातलं दुसरं भावंड नंतर थकलं. 2010 मध्ये धातू गाळण्याची भट्टी विझली. 2022 च्या उन्हाळ्यात 777 ही शेवटची खाणही मिटली. त्याच वर्षी संघ लीगच्या अंतिम फेरीत पोचला आणि सातव्या सामन्यात हरला. धुराडं अडीचशे मीटर उंच आहे, अजून उभं, धुराशिवाय.

सामना संपला. निकाल काय लागला, खरंच आठवत नाही. लोक उठले, कोटांच्या चेनी ओढल्या, मुलांना टोप्या घातल्या. बर्फ सारखा करणारं यंत्र मागे पाण्याचा पातळ थर सोडत फिरायला लागलं. भाची दारातून हात करत होती. म्हातारा हलेना.

"चलता ना?"

"थांब जरा," तो म्हणाला. "पाणी गोठू दे."