आम्लाची खूण

येथील शाळेत मी दरवर्षी मुलांना निळा लिटमस कागद लिंबाच्या रसात बुडवून तांबडा करून दाखविते. त्या साध्या प्रयोगाची आठवण गेल्या वर्षी आईच्या उशाशी बसले असता झाली.

तिच्या मांडीत खोलवर पू साठला होता. तो काढल्यावरही शिरेतून व्हँकोमायसीन चालूच होते, आणि त्याचा ताण मूत्रपिंडावर पडू लागला होता. "पू एका जागी, मग औषध साऱ्या अंगाला कशाला गं?" तिने विचारले. प्रश्न अचूक होता.

रक्ताचा पीएच सुमारे ७.४ असतो, पू साठलेली जागा बहुधा त्याहून आम्लधर्मी होते. २०१२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच खुणेवर चालणारे, व्हँकोमायसीन भरलेले अतिसूक्ष्म कण प्रसिद्ध केले. आम्लात त्यांतील हिस्टिडीनवर धनभार येतो आणि जंतूंच्या ऋणभारित भिंतीला ते घट्ट चिकटतात. माझा लिटमसच की! परंतु तो प्रयोग प्रयोगशाळेतला. आईच्या खाटेशी मात्र जुनीच सलाइनची बाटली टांगलेली होती.

आई घरी परतली. मूत्रपिंडापायी तिच्या जेवणातले मीठ कमी झाले आहे, आणि आमटीची तक्रार मी रोज ऐकते.