बयाणा देऊ नका

लखनौ, ८ जानेवारी २०१३

अहो,

शेळीपालन शिकायला आम्ही इथं सुखरूप पोचलो. कानपूरच्या अलीकडं गाडी धुक्यात सात तास उभी होती. चारबाग स्टेशनला उतरलो तर कुंभाला निघालेल्यांनी फलाट भरलेला, पाय ठेवायला जागा नव्हती. लॉजवाला बादलीभर ऊन पाण्याचे वीस रुपये घेतो आणि वर डोळे वटारतो. आपल्याकडं टँकरवर भांडणं होतात, पण पाण्यासाठी असा अपमान कुणी केला नव्हता. मला फार लागलं ते. बोटं वाकत नाहीत, म्हणून अक्षर असं आलंय.

चारा छावणीत बैलांना ऊस पुरेसा मिळतो का? आपली शेळी चंद्री संक्रांतीच्या आसपास व्यायची आहे. तिला रात्री आत घ्या, खाली गोणपाट टाका.

११ जानेवारी

अहो,

काल बाजारात जमनापारी शेळी पाहिली. तुम्ही फोटोत पाहिलेलीच ती. पोपटाच्या चोचीसारखं नाक, हातभर कान, मागच्या मांड्यांवर केसांचे झुबके. देखणी आहे, खोटं कशाला सांगू. दलाल कानाची लांबी मोजून भाव सांगत होता आणि म्हणत होता, हिचं करडूसुद्धा याच भावानं जाईल. ते ऐकलं आणि मला आपले इमू आठवले.

तेव्हाही हेच सांगितलं होतं की नाही? जोडी घ्या, अंडी आम्ही उचलू. आपण तीन जोड्या घेतल्या. ती हिरवीगार अंडी तुम्ही हौसेनं पाटीत मांडून ठेवायचात. पुढं उचलणाऱ्याचा फोन बंद झाला. गेल्या वर्षी तामिळनाडूतही इमूच्या कंपन्या बुडाल्या, ते तुम्हीच पेपरात वाचून दाखवलंत.

इथं शिकायला आलेल्या कृषी महाविद्यालयातल्या एका मुलीनं अल्पाकाची गोष्ट सांगितली. तो दक्षिण अमेरिकेतला लोकरीचा प्राणी, उंटाच्या कुळातला. १९८४ पासून अमेरिकेत लोकांनी तो आणायला सुरुवात केली, आणि एकेका मादीला हजारो डॉलर मोजले. एवढे पैसे लोकरीतून निघण्यासारखे नव्हतेच. घेणारा फक्त दुसरा पाळणारा. २००८ च्या मंदीनंतर भाव कोसळला. साता समुद्रापार शिकलेली माणसंही तशीच फसली, हे ऐकून रात्रभर झोप लागली नाही.

शेळीचं तसं नाही. खाटीक दर आठवड्याला बाजारात येतो, बोकड वजनावर जातो, आणि पुढं पाळणारा भेटो न भेटो, तो भाव राहतो. पण जमनापारी कानावर विकत घेतली, तर आपण पुन्हा इमूच घेतला.

इमामबाडा पाहिला. १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून नवाबानं बांधायला घेतला, म्हणजे आपली रोजगार हमीच.

१३ जानेवारी, भोगी

अहो,

आज सकाळपासून तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीशिवाय काही सुचत नाही. आत्याबाईंनी भोगीची भाजी केली असेल. वांगं, वाटाणा, हरभऱ्याचे घाटे, गाजर, दुष्काळात यातलं काय मिळालं असेल कोण जाणे. इथं सकाळी चौकात मक्खन मलाई मिळते. दूध रात्रभर दवात ठेवतात आणि पहाटे घुसळून त्याचा फेस काढतात, वर केशर. जिभेवर ठेवली की विरते. चांगली आहे, पण पोट भरत नाही. मला भाकरी पाहिजे.

शिकवणाऱ्या सरांना मी सरळ विचारलं, दुष्काळी गावात जमनापारी न्यावी का? ते म्हणाले, ती इटाव्याकडची, यमुना-चंबळच्या खोऱ्यातल्या घळींत झाडपाला ओरबाडून वाढलेली. बांधून ठेवली की खंगते, आणि बहुधा एकच करडू देते. बांधून पाळायची तर बरबरी बरी, बुटकी आणि उभ्या कानांची. मथुरेजवळ मखदूमला १९७९ पासून सरकारची शेळी संशोधन संस्था आहे, तिथं बरबरी आणि जमनापारी दोन्हींवर काम चालतं. पण मग ते म्हणाले, तुमच्या जिल्ह्याच्या नावाची शेळी सोडून तुम्ही इकडं कशाला बघता? उस्मानाबादी काळी, काटक, जुळी देणारी. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आपल्या दारातली चंद्री, आणि आपण जमीन गहाण टाकून लांब कानांची आणायला निघालो होतो.

नवीन काही घ्यायचंच तर एक बोकड, तोही दुसऱ्या गावचा, म्हणजे नात्यात जोडी लागणार नाही. पीपीआर आणि आंत्रविषाराची लस, वेळेवर जंताचं औषध, आणि बाभळीच्या शेंगा आत्तापासून साठवायच्या. एवढं केलं तरी पुरे, असं मला वाटतं.

गाडी सोळाला आहे. तोवर चंद्री व्याली, तर नाळेला टिंक्चर आयोडीन लावा आणि तासाभराच्या आत करडांना चीक पाजा, जार पडायची वाट बघू नका. आणि दलालाचा माणूस आला, तर बयाणा देऊ नका.

तुमची,
सुमन