विरघळणारा स्क्रू आणि न विरघळणारं बिल

गेल्या पंधरा दिवसांत शांती नगरमधल्या चार जणांनी मला एकच व्हिडिओ पाठवला. हाडात बसवलेला स्क्रू म्हणे आपोआप विरघळतो, तो काढायला दुसरं ऑपरेशन लागत नाही. खाली प्रश्न ठरलेला: "दादा, हे खरं आहे का?" दोन ओळींत सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.

खरं आहे, आणि कल्पना जुनीच आहे. १९०७ मध्ये बेल्जियमच्या लांबोत नावाच्या सर्जनने मोडलेल्या पायावर मॅग्नेशियमची पट्टी बसवली आणि ती स्टीलच्या खिळ्यांनी ठोकली. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटले की मऊ धातूचं काय होतं, ते मिठागरांच्या गावात राहणाऱ्यांना मी काय सांगू! आठ दिवसांत पट्टी गळून गेली आणि कातडीखाली गॅस साठला. मॅग्नेशियम पाण्याशी भिडलं की हायड्रोजन सुटतो, तोच हा गॅस.

शरीर आतून खारटच असतं. आपल्याकडे खिडकीचं ग्रिल जसं रंग लावूनही गंजतं, तसं कोणतंही लोखंड हाडात टिकणार नाही. म्हणून न गंजणारे धातू शोधले गेले: ३१६ एल जातीचं स्टील, मग टायटॅनियम. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत भांड्यांना पॉलिश मारणाऱ्या कारागिराला विचारा, २०२, ३०४ आणि ३१६ मधला फरक तो आपल्यापेक्षा चांगला सांगेल. शंभर वर्षं सगळी धडपड गंज थांबवायची होती. आता संशोधक म्हणतायत, गंजू द्या, पण आम्ही ठरवू त्या वेगाने. हाड जुळेपर्यंत धातू टिकला पाहिजे, त्यानंतर हळूहळू गेला पाहिजे.

त्यासाठी मॅग्नेशियमच का? एक तर ते शरीरात आधीच आहे, मोठ्या माणसात साधारण २५ ग्रॅम, त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांतच. दुसरं म्हणजे स्टील हाडापेक्षा कितीतरी ताठ असतं. घरात एकच माणूस सगळी कामं करत असला की बाकीचे आळशी होतात ना, तसं स्टीलची पट्टी सगळा भार घेते आणि खालचं हाड कमकुवत होत जातं. मॅग्नेशियमचा ताठपणा हाडाच्या बराच जवळ आहे. इट्रियम, जस्त, कॅल्शियम असं थोडं थोडं मिसळून त्याचा गंजायचा वेग आवरला जातो. जर्मनीतल्या कंपनीच्या अशा स्क्रूला २०१३ मध्ये युरोपात मान्यता मिळाली, २०१५ मध्ये कोरियात तिथल्या स्क्रूला, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत घोट्याच्या फ्रॅक्चरसाठी एका स्क्रूला.

पण व्हिडिओ जे सांगत नाही ते असं की हे सगळं छोट्या हाडांचं काम आहे. पायाचा अंगठा, मनगट, घोटा. लोकलमधून पडून मांडीचं हाड मोडलं तर आजही स्टीलचा किंवा टायटॅनियमचा रॉडच लागतो. आणि तो दुखत-खुपत नसेल तर मोठ्या माणसात काढायलाच हवा असंही नाही. "रॉड राहिला की कॅन्सर होतो" असं सांगून घाबरवणारे आपल्या बिल्डिंगमध्येच भेटतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

मुलांची गोष्ट वेगळी. हाड वाढत असतं, पट्टीवरून हाड चढू शकतं, म्हणून बऱ्याचदा काढावी लागते. शेजारच्या विंगमध्ये एक बारा वर्षांचा मुलगा आहे, क्रिकेट खेळताना घोटा मोडला, दोन स्क्रू आहेत. पहिल्या ऑपरेशनचं कर्ज फिटायच्या आत डॉक्टरांनी काढायची तारीख दिली. त्याच्या वडिलांसाठी विरघळणारा स्क्रू म्हणजे चार दिवसांची मजुरी, भूल, पुन्हा टाके, सगळं वाचणं. ही गरज खरी आहे. मला भीती वाटते ती तिच्या किमतीची.

कारण "विरघळणारं" हा शब्द आपण एकदा ऐकलाय. हृदयाचा विरघळणारा स्टेंट, ॲबॉटचा ॲब्सॉर्ब. तो धातूचा नव्हता, पॉलिमरचा होता, पण विक्रीचं वाक्य हेच होतं: काही वर्षांनी शरीरात काही उरत नाही. भारतात तो दोन लाखांच्या आसपास विकला जायचा. जानेवारी २०१७ मध्ये औषध किंमत प्राधिकरणाने आकडे जाहीर केले तेव्हा कळलं की स्टेंटवर नफा साडेसहाशे टक्क्यांपर्यंत जातो. १३ फेब्रुवारीला किंमत बांधली: साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषध लावलेला आणि विरघळणाराही २९,६००. कंपनीने तो भारतातून काढून घ्यायची परवानगी मागितली. आणि त्याच वर्षी जगभरातच त्याची विक्री थांबली, कारण चाचण्यांत त्याच्यात रक्ताची गुठळी होण्याचं प्रमाण औषध लावलेल्या धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त निघालं. ज्यांनी दोन लाख मोजले त्यांनी जास्त पैसे देऊन जास्त धोका विकत घेतला.

स्टेंटची किंमत बांधली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याचीही बांधली. फ्रॅक्चरच्या स्क्रू-पट्ट्यांवर अशी कमाल मर्यादा नाही. एप्रिल २०२० पासून नियम एवढाच, की एमआरपी वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. मुळात एमआरपीच फुगवून छापली असेल तर दहा टक्क्यांचा काय उपयोग? नवीन धातू उद्या आला तर याच दारातून येणार. मला वाटतं, मुलांच्या फ्रॅक्चरसाठी तो उपयोगी ठरतो की नाही हे सरकारी हॉस्पिटलांत आधी तपासावं आणि किंमत पहिल्याच दिवशी बांधावी. दहा वर्षांनी कोणीतरी कोर्टात गेल्यावर नको.

तोवर कुणी "हा वाला विरघळतो" म्हणालं तर परवान्याचा नंबर मागा, इम्प्लांटला केंद्राचा परवाना लागतोच. आणि साधा स्क्रू असो की भारीतला, डब्यावरचं स्टिकर तुमच्या पेपरवर चिकटवून घ्या. त्यावर कंपनी, बॅच, एमआरपी असते.

त्या मुलाच्या वडिलांनी परवा काउंटरवर पहिल्या ऑपरेशनच्या स्क्रूचं स्टिकर मागितलं. "असं कोणी मागत नाही," असं उत्तर मिळालं. ते तिथेच बाकावर बसून राहिले. सव्वा तासाने फाइल सापडली.